तुझ्या चालीतली मोकळी जागा

रूबेन, गेला महिनाभर तुझ्या पोरीनं माझं डोकं खाल्लं. तुला मातीत ठेवून आलो, घरी येऊन अंथरुणावर पडलो, आणि काही दिवस कुणी आपल्याशी बोलू नये एवढीच इच्छा होती. पण तुमच्या घरचं सात दिवसांचं सुतक सरलं आणि दुसऱ्याच सकाळी एस्तेर इंदोऱ्याला माझ्या दारात उभी. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, आणि आवाज मात्र थेट तुझा. पार्सल ऑफिसात तू हमालांना हाका मारायचास तसला.

"काका, महिन्याच्या प्रार्थनेले बाबांची चाल मीच म्हणीन. मले शिकवा."

"मी? अवं, ढोलकी वाजवणारा माणूस मी. तुह्या मायले विचार ना."

"आई म्हणते, पुरी चाल फक्त नामूभाऊलेच येते."

झालं. मिल्कावहिनीनं नाव घेतलं म्हणजे विषय संपला. तिच्यापुढं तुझंही कधी काही चाललं नाही, माझं काय चालणार?

आणि ती म्हणाली ते खरंच होतं. ती चाल येणारा नागपुरात आता मीच उरलोय. ह्याचं मला हसू येतं, आणि थकवाही येतो. तुम्ही कोकणातले मराठी ज्यू. तुझा आजा रेल्वेत लागला म्हणून अजनीला आला. प्रार्थनेची वेगळी अशी जागा तुमची इथं नव्हती. तुझे वडील क्वार्टरच्या पुढच्या खोलीत प्रार्थना चालवायचे आणि शहरातली तुमची मोजकी घरं तिथं जमायची. मोठ्या उपासाच्या आधीच्या दिवसांत पहाटे म्हणायची जी क्षमायाचना, तिला तुमच्या घराची स्वतःची चाल होती, आजानं गावाहून आणलेली. मुंबईच्या तुमच्या लोकांनाही ती येत नाही. वडील गेले, चुलते इस्राएलला जाऊन तिथंच संपले, आणि आता तू. मागं राहिलो मी, लहानपणी बापाचं बोट धरून दीक्षा घेतलेला बौद्ध, हिब्रूचं अक्षर न कळणारा.

ही चाल बँडात नेण्याचं खूळ तुझंच होतं, हे आता तरी कबूल कर. एस्तेर तेव्हा पाळण्यात होती. शेजारच्या क्वार्टरमध्ये डेरेक राहायचा, इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, अँग्लो-इंडियन. सदर बाजारात जुन्या रेकॉर्डी मिळायच्या, त्या ऐकून ऐकून तो गिटारवर ब्लूज काढायचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, हे मला तूच सांगितलंस. एका संध्याकाळी मी तुझ्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. पलीकडं डेरेकनं एक सूर ओढून खाली वाकवला, आणि तू कप ठेवून ओरडलास, "अबे डेरेक, हे तं माह्या आजाचं हाय!"

"तेरा आजा शिकागो में था क्या?" तिकडून उत्तर आलं.

तेव्हा सुरू झालेलं ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. चालीच्या दुसऱ्या ओळीत तो वाकडा सूर कुणाचा? डेरेक म्हणायचा, मी वाजवायला लागल्यावर रूबेनच्या गळ्यात आला. तू म्हणायचास, आजाच्या गळ्यातच होता, डेरेकनं फक्त तारेवर घेतला. मग ओटिएनो आला, केनियाचा, शेतकी कॉलेजात शिकणारा. काळा म्हणून त्याला कुणी खोली देईना, तेव्हा डेरेकच्या बापानं मागची खोली दिली. त्यानं तुमच्या दोघांचंही ऐकून घेतलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत शांतपणे म्हणाला, "ये हमारा है. हमारे लोगों को जहाज में भर के ले गया था." मीही मग गप्प कशाला बसू? माझी माय रामटेककडची. धानाच्या रोवणीला वाकलेल्या बायका गाताना सूर असाच खाली सोडायच्या. मी तसं बोललो तर तुम्ही तिघं मिळून माझ्यावर हसलात. रूबेन, ते मला तेव्हा फार लागलं होतं, पण कधी बोललो नाही. आज बोलतो, कारण तू उलट बोलू शकत नाहीस.

ओटिएनोनं तुमच्या अंगणातली कोळशाची लाकडी पेटी उलटी घातली आणि तिच्यावर हात चालवायला लागला. एका हाताला दोन थापा, दुसऱ्या हाताला तीन, आणि दोन्ही एका वेळी. मी भीमगीतांच्या पार्ट्यांत वाढलेला ढोलकीवाला, कव्वालीचा ठेका माझ्या हाडात. तरी पहिल्या दिवशी तोंडावर पडलो. दुसऱ्या दिवशीही पडलो. मग चिडून त्याच्या दोन आणि तीनच्या मध्ये माझा ठेका घुसवला, तेव्हा त्यानं दात काढले आणि मान हलवली. तू डोळे मिटून म्हणायला लागलास. मिल्कावहिनी पोरीला कडेवर घेऊन दारात आली. परत आत गेली नाही.

तालमीला दिवस फक्त शनिवारचा मिळायचा, आणि शनिवार तुमचा पवित्र. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून तू गिटारच्या पिशवीलासुद्धा हात लावायचा नाहीस. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की मोकळा. आम्ही चौघं क्वार्टरमागच्या मैदानात माना वर करून उभे, आणि डेरेक खोटं खोटं बोट दाखवायचा, "वो देख, तीसरा!" तू म्हणायचास, "तो तारा नाई गा, सिग्नल हाय." पावसाळ्यात ढग आले की आमची पंचाईत व्हायची. शेवटी तुझे वडील खिडकीतून ओरडायचे, "झाली रे पोट्टेहो वेळ, वाजवा आता!" म्हणून बँडचं नाव पडलं 'तीन तारे'. चौघांच्या बँडचं नाव तीन तारे कसं, हे नागपुरात निम्म्या लोकांनी आम्हाला विचारलं असेल, आणि उरलेल्या निम्म्यांना ते दारूचं नाव वाटलं.

दुसरी अडचण मोठी होती. गाताना देवाचं नाव घ्यायचं नाही, हे तू पहिल्याच तालमीला सांगितलंस. तुमच्यात ते नाव खऱ्या प्रार्थनेतच उच्चारायचं. तालमीत नाही, टाळ्यांसाठी नाही. बाकीचे लोक तिथं दुसरा शब्द घालतात म्हणे, पण तुला तेही पटेना. तुझं आपलं एकच, जागा मोकळी सोडायची. चाल चढत जायची, आणखी चढायची, आणि ऐन नावाच्या जागी तू तोंड मिटायचास. सुरुवातीला आम्ही तिघं त्या खड्ड्यात धडाधड पडलो. मग तिथं मी ढोलकीच्या जड बाजूवर एकच थाप द्यायला लागलो. तू गप्प, गिटार गप्प, पेटी गप्प, फक्त माझी थाप. मग तू खालच्या सुरावर उतरायचास.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये लोकांना तीच जागा आवडायची. कॉलेजांच्या गॅदरिंगला पोरांनी आधी सिनेमाच्या गाण्यांसाठी बोंब मारली, संत्र्याच्या साली फेकल्या, आणि तुझं तोंड मिटलं तेव्हा तीच पोरं गप्प झाली. मला मात्र ती जागा आवडायची नाही. तिथं खरा सूर कोणता, हे मला कळायला हवं होतं. माणूस इतका वर चढून जातो कशासाठी?

"एकदा पुरं म्हणून दाखव ना गा."

"तालमीत नाई."

"मंग शब्द नको म्हणू. नुसती चाल म्हण."

"चाल म्हटली का शब्द तोंडात येतेच, नामू."

"मंग कवा म्हणशील?"

"खरं असन तवा."

"म्हणजे आतापावतर आपण खोटं वाजवून राहिलो का?"

ह्यावर तू हसायचास, आणि मला राग यायचा. बँड बंद पडल्यावरही, पार्सल ऑफिससमोरच्या टपरीवर चहा पिताना, मी मधूनमधून हे काढायचो. अगदी गेल्या दिवाळीतही काढलं होतं. तू म्हणालास, "तुले अजून तेच लागलं हाय का?" हो, तेच लागलं होतं. तुमच्या उपासाच्या दिवसांत पहाटे येऊन खिडकीखाली उभं राहून चोरून ऐकता आलं असतं. तेवढी लाज मात्र होती मला.

बँड मोडला तो कुणाच्या भांडणानं नाही. तुझे वडील एकदा इन्स्टिट्यूटच्या दारात उभे राहून ऐकून गेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "गाणं बरं हाय. प्रार्थना कोठी गेली?" त्याच वर्षी ते वारले. बापामागं मुलानं वर्षभर गाण्याबजावण्यापासून दूर राहायचं, असं तुमच्यात. आम्ही थांबलो. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं वाटलं होतं. तेवढ्यात ओटिएनोचा अभ्यास संपला आणि तो किसुमूला परतला. डेरेकचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. वर्ष सरलं तेव्हा अंगणात तू, मी आणि ती पेटी. थंडीत तिच्यात पुन्हा कोळसा भरला गेला.

तुझे लोक एकेक करून इस्राएलला जात होते. तूही जाशील असं मला दरवर्षी वाटायचं. विचारायची हिंमत नव्हती. एकदा तूच म्हणालास की प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आपण गेलो तर इथं उरलेल्यांचे दहा कधीच भरायचे नाहीत. मी म्हटलं, आताही कुठं भरतात? मित्रा, माझ्यासाठी तरी थांबलास का रे थोडासा? हे विचारायचं राहून गेलं, आणि आता ते कुणाला विचारू?

तर एस्तेर. दिवसभर गांधीबागेत दुकानात उभं राहून कापडाचे ठाण उलगडायचे आणि संध्याकाळी सायकल मारत अजनीला यायचं, असा माझा महिना गेला. गुडघे बोलायला लागले. ढोलकी न्यायची सोय नव्हती, कारण तुमच्या घरात वर्षभर वाद्य वाजायचं नाही. आणि ठेक्याशिवाय मला ती चाल आठवेचना! माझ्या डोक्यात ती ओटिएनोच्या पेटीवरच बसलेली. शेवटी मांडीवर हलक्या हातानं ठेका धरला आणि ह्या फाटक्या आवाजात पहिली ओळ म्हटली. पोरगी ओठ दाबून हसली. बाप गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच हसली असेल, म्हणून मीही राग मानला नाही.

तिचा गळा चांगला आहे. शब्द तिला येतच होते, तुझ्या हाताखाली वाचायला शिकलेली. चालही आठवड्याभरात आली, वाकड्या सुरासकट. मी मुद्दाम विचारलं, "हा सूर कुणाचा, मालूम हाय का?" तर म्हणते, "बाबांचा." मी पुढची ओळ घेतली.

अडलं ते त्या जागेवर. ती चढत जायची, मी मांडीवर थाप द्यायचो, आणि ती थांबायची.

"काका, इथं चाल कशी जाते?"

"मले नाई मालूम."

"म्हणजे?"

"तुह्या बापानं ते मले कधी ऐकवलंच नाई."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. लहानपणी तिनं ते ऐकलं असणार, पण गेली कितीतरी वर्षं माणसं जमेनात म्हणून तू पहाटे एकटाच पुटपुटायचास, त्यामुळं तिच्या कानात काही उरलं नव्हतं. चाल मला येत होती, नाव तिला येत होतं, आणि दोन्ही मिळून जे होतं ते तू बरोबर घेऊन गेलास. त्या संध्याकाळी मी तुला शिव्या दिल्या, रूबेन. चांगल्या मोठ्यानं, सायकलवर.

दुसऱ्या दिवशी मिल्कावहिनी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढं मी पाहीन, भाऊ. भिंतीच्या पलीकडून वीस वर्षं ऐकलं हाय मी. पण तुमी गेल्यावर सांगीन तिले. असं बसून, ठेका धरून, ते मले जमायचं नाई."

"म्हणजे मले ऐकवणार नाई."

"तुमी येसान ना त्या दिवशी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

प्रार्थनेच्या दिवशी मुंबईची माणसं आली, एक पुण्याचं आलं, जबलपूरचं येणार होतं त्याची गाडी चुकली. त्यांनी पुरुष मोजले. नऊ. परत मोजले. मी दाराशी डोक्याला रुमाल बांधून उभा होतो. मोजणाऱ्याचं बोट माझ्यापर्यंत आलं, थबकलं आणि वळून गेलं. त्या माणसाचं काही चुकलं नाही. बापामागं म्हणायची ती मुख्य प्रार्थना, दहांशिवाय होत नाही ती, तुझ्यासाठी झाली नाही. तू ज्यासाठी इथं राहिलास ते तुलाच मिळालं नाही, आणि मी तिथं धडधाकट उभा असून एका माणसाची भर घालू शकलो नाही. इतका निरुपयोगी मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

क्षमायाचनेला मात्र दहांची अट नव्हती. मिल्कावहिनीचे मुंबईचे वयस्क मामा होते, त्यांनी कपाळाला आठी घातली. "मुलगी म्हणणार?"

"मंग कोण म्हणन?" मिल्कावहिनी म्हणाली. "तुमाले येते का ही चाल?"

मामा बसले.

एस्तेरनं डोक्यावरून ओढणी घेतली आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीत सूर वाकला तशी मामांची मान डोलली. शेजारच्याला हळूच म्हणाले, "पाहिलंस? ही आपली जुनी कोकणातली हरकत. आता कुणाच्या गळ्यात राहिली नाही." डेरेक असता तर भांडलाच असता. मला हसू आवरेना म्हणून मी रुमाल तोंडावर ओढला.

मग ती चढायला लागली. माझा हात आपोआप उचलला गेला, थापेसाठी. आणि ती थांबली नाही. वर गेली, नाव घेतलं, आणि उतरली. अगदी साधं होतं, रूबेन. हरकत नाही, मुरकी नाही, लहान पोर माणसाला हाक मारतं तसं. इतकी वर्षं मी तिथं काय काय कल्पून बसलो होतो! माझा हात तसाच वर राहिला होता, शेजारच्यानं पाहिलं तेव्हा खाली घेतला. खरं असेल तेव्हा म्हणेन, असं तू म्हणायचास. ते खरं व्हायला तुला मरावं लागेल, हे मला ठाऊक असतं तर मी कधी विचारलं नसतं. मी विचारणं सोडून दिलं असतं, देवाशपथ.

नंतर मलिदा वाटला, गोड पोहे, खोबरं, फळं. मामांनी एस्तेरला जवळ बोलावलं. रेल्वे क्वार्टर काढून घेईल, मग तुम्ही मायलेकी मुंबईला या, असं काहीबाही बोलले. मग म्हणाले, "बाळ, चाल फार शुद्ध म्हटलीस. बाप तर अचानक गेला. शिकलीस कुणाकडून?"

मी पटकन मान हलवली, नको म्हणून. कशाला त्या म्हाताऱ्याच्या जिवाला घोर? ढोलकीवाल्या नामूचं नाव ऐकून त्यांचा घास अडकला असता. एस्तेरनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात मलिद्याचं ताट दिलं आणि मामांना म्हणाली,

"घरातच शिकले."

तुला पुरलं त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, रूबेन. तेव्हा आलं.